दोरीचं कव्हर

आई, तुम्ही गेलात त्या सकाळी तुम्हाला आंघोळ घालायला ज्या बायका आल्या, त्यांनी सगळ्यात आधी तुमच्या मोबाईलचीच चौकशी केली. "म्हातारीच्या गळ्यातला मोबाईल कुटं हाय गो?" मी म्हटलं, माझ्याकडे आहे. मग त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. अंग अजून गार झालं नाही आणि सुनेने फोन काढूनही घेतला, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आदल्याच दिवशी तुम्ही तो स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात घातलात हे कुणाला सांगणार, आणि सांगितलं असतं तरी मिरजोळ्यात ते खरं कोण मानणार? सहा वर्षं तुम्ही तो फक्त आंघोळीपुरता काढायचात, आणि तेव्हाही न्हाणीघराच्या दाराला, आतून दिसेल असा टांगायचात.

तुमच्या मानेवर दोरीची एक फिकट रेघ उमटली होती. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. इतकी वर्षं तुमच्या इतक्या जवळ बसून मला ती कधी दिसली नव्हती, कारण माझं लक्ष कायम दोरीवर, मानेवर नाही.

आज वीस दिवस झाले. घरात मी एकटी आहे आणि तुमच्याशी मनातल्या मनात भांडायची सवय काही मोडत नाही. भाताला आधण ठेवताना भांडते, भांडी घासताना भांडते. तुम्ही उत्तर देत नाही, त्यामुळे भांडण पुढे सरकत नाही. म्हणून शेवटी वही घेऊन बसले आहे.

हा मोबाईल घरात आला तो सहा वर्षांपूर्वी, शिमगा होऊन गेल्यावर. तुमचा मुलगा, म्हणजे आमचे हे, बहारीनला एसी दुरुस्तीच्या कामाला होते आणि तिकडून गावी येणाऱ्या एका माणसाबरोबर त्यांनी तो पाठवला होता. तोवर ह्यांचा फोन यायचा वरच्या वाडीत, आणि आपण दोघी धावत जाईपर्यंत तिथलं निम्मं घर बोलून झालेलं असायचं. आता घरात आपला फोन. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि त्यातला जेमतेम दीड महिना मी नवऱ्याबरोबर काढला होता. मला वाटलं, चला, आता आपल्या माणसाशी आपल्याला बोलता येईल. किती साधी होते मी.

ह्यांनी निरोप दिला होता, फोन नाजूक आहे, चांगलंसं कव्हर घ्या. म्हणून आपण एसटीने रत्नागिरीला गेलो. स्टँडजवळच्या गल्लीत घड्याळं, बॅटऱ्या आणि मोबाईलचं सामान विकणारे एक चाचा होते, स्वतः बरीच वर्षं कुवेतला काढून आलेले. त्यांनी काचेवर कव्हरांचा ढीग ओतला. रंगीत रबराची, जाळीची, पट्ट्याला अडकवायची, चेनवाली. मी उचललं ते कडक पारदर्शक प्लास्टिकचं, दोन भागांचं, फोनवर घट्ट बसणारं. तुम्ही ते माझ्या हातातून घेतलंत, उलटंपालटं केलंत, नखाने टोकरून बघितलंत.

"ह्येला दोरी कुटं हाय?"

"दोरी कशाला, आई? फळीवर राहील तो."

"फळीवर रेंज येते काय? तूच बोल्लीस ना, पडवीच्या कोपऱ्यात येते म्हणून."

हे खरं होतं. आपल्या घरात रेंज यायची ती फक्त पडवीच्या बाकाजवळ, तिथून दोन पावलं आत सरकलं की गायब. मी म्हटलं, मग पडवीत खुंटीला पिशवी बांधू.

"नि मांजरान पाडला म्हंजे? माती गेली आत म्हंजे? पावसाची झड आली म्हंजे?"

तोवर तुमचं कव्हर ठरलेलं होतं. काळं, जाड चामड्याचं, आकड्यांवर जाडसर प्लास्टिकची खिडकी, वरून झाकण आणि झाकणाला टिचबटण. आणि एक लांब काळी दोरी. मी शेवटचा प्रयत्न म्हणून म्हटलं, चामड्याला पावसात बुरशी येते. तुम्ही म्हणालात, "चपलेला पण येते. म्हणून काय अनवाणी चालतंव आपण?" चाचा खो खो हसले. मग मला म्हणाले, "बेटा, एवढी कव्हरं विकून मी एक शिकलो. फोन कोण वापरणार ते मला सांगता येत नाही, पण कोण सांभाळणार ते कव्हर निवडतानाच कळतं." तुम्हाला ते फार आवडलं. घरी येऊन चार जणींना सांगितलंत.

दोरी असलेली वस्तू कुणाच्या तरी गळ्यात जाते, हे मला दुकानात कळत होतं आणि तुम्हालाही कळत होतं. आपण दोघीही त्यावर बोललो नाही. मांजर, माती आणि पाऊस ह्यांच्यावर अर्धा तास बोललो. परतीच्या एसटीत फोन तुमच्या गळ्यात होता आणि गाडी खड्ड्यातून गेली की तुम्ही त्याला हाताने धरत होतात, तान्ह्या मुलाला धरावं तसं.

मग सहा वर्षांचे शुक्रवार. शुक्रवारी ह्यांना सुट्टी, म्हणून फोन शुक्रवारी चारला. तुम्ही त्या दिवशी दुपारी आडव्या होत नव्हता. साडेतीनलाच बाकावर येऊन बसायचात, लुगडं बदलून. मी शेजारी सुपात तांदूळ घेऊन बसायची, निवडायला काही असो वा नसो. रिंग वाजली की तुम्ही टिचबटण उघडायचात, मी त्या प्लास्टिकवरून हिरवं बटण दाबायची, आणि मग तुम्ही असं ओरडायचात की बहारीनला फोनशिवाय ऐकू गेलं असतं. "जेवलास काय रं? ऊन लय हाय काय? हिकडं सगळं बरं हाय!"

मग माझी पाळी. पण दोरी तुम्ही गळ्यातून काढत नव्हता. दोरी होती तेवढीच लांब. त्यामुळे मला नवऱ्याशी बोलायचं तर तुमच्या खांद्याला टेकून, डोकं तुमच्या डोक्याजवळ नेऊन बोलावं लागायचं. खोबरेल तेल आणि मशेरीचा वास आला की मला अजून वाटतं, आता ह्यांचा आवाज येणार. तिकडून ते विचारायचे, कशी आहेस? मी म्हणायची, बरी आहे. ते म्हणायचे, आंबा कसा आहे यंदा? मी आंब्याचं सांगायची. ते थोडं थांबायचे. मीही थांबायची. त्या थांबण्यात तुमचा श्वास मला ऐकू यायचा, आणि बहुतेक त्यांनाही.

मला त्यांना एकच गोष्ट सांगायची होती, आई. या आता परत. मला मूल हवंय, आणि दोन वर्षांतून एक महिना येणाऱ्या माणसाकडून ते होत नाहीये. हे वाक्य मी पाठ केलं होतं. आडावर, चुलीपुढे, एसटीत, सगळीकडे म्हणून पाहिलं होतं. ते महिनाभर यायचे ते पुढची सही करूनच, तेव्हा म्हणून उपयोग नव्हता. पण सासूच्या खांद्यावर मान टेकून बाई असलं वाक्य कसं म्हणेल? दर दोन वर्षांनी तिकडचा करार संपायचा आणि ते फोनवर विचारायचे, "मग, करू ना सही?" तुम्ही म्हणायचात, "तुला बरं वाटंल तसं कर." मग फोन माझ्या कानाशी यायचा आणि मी म्हणायची, तुम्हाला योग्य वाटेल तसं. असं एकदा नाही, तीनदा झालं. तिसऱ्यांदा फोन ठेवल्यावर मी तांदळाचं सूप तसंच टाकून परसात गेले आणि फणसाला टेकून हुंदके देऊन रडले. तुम्ही मागून हाक मारलीत, "गो, तांदूळ चिमण्या खातायत." मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता.

एकदा मी ती दोरी कापली. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते. तुम्ही न्हाणीत शिकेकाई लावून डोळे मिटून बसला होतात, तेवढ्यात मी ती दारावरून काढून विळीवर दोन जागी कापली आणि उंदराने कुरतडली म्हणून सांगितलं. तुम्ही कापलेलं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघितलंत. "उंदराला दात बरे हायत," एवढंच म्हणालात. आणि आत जाऊन परकराची नवी नाडी आणून ओवलीत. ती नाडी आधीच्या दोरीपेक्षा आखूड होती. नवी दोरी येईपर्यंत पुढचे चार महिने मला आणखी वाकून बोलावं लागलं. झाली माझी हौस.

आणि तो आश्विनातला शुक्रवार आठवतो ना? दुपारी साडेतीनलाच आभाळ भरून आलं, विजा कडाडायला लागल्या. विजेत फोन गळ्यात ठेवला तर वीज अंगावर येते असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही फोन कव्हरासकट फडक्यात गुंडाळलात, फडकं पिशवीत घातलंत आणि पिशवी तांदळाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावलंत. मग आपण दोघी माजघरात त्या डब्यासमोर बसलो, फोन वाजण्याची वाट बघत. चार वाजले, साडेचार वाजले. "आज पोर इसरला," म्हणालात आणि तुमचा आवाज इतका बारीक झाला की मला हसू आलं होतं ते तोंडातच राहिलं. ते बिचारे तिकडून फोन लावून लावून दमले होते, आणि एक बाई त्यांना सांगत होती की संपर्क होऊ शकत नाही. पुढच्या शुक्रवारी कळल्यावर आपण दोघी पोट धरून हसलो. तुमच्या खांद्याला टेकून मी हसले ते तेवढंच.

तुम्ही वाईट सासू असतात तर फार सोपं झालं असतं. मला टायफॉईड झाला त्या पावसात तुम्ही पंधरा दिवस माझ्या उशाशी बसलात, पेज भरवलीत, कपडे धुतलेत, आणि बरी झाल्यावर त्याचा एकदाही उच्चार केला नाहीत. हळदीकुंकवाला शेजारीण माझ्या ओटीकडे बघून काहीतरी कुजकं बोलली तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "माझा पोर दोन वर्सांनी म्हैनाभर येतो. ती काय केळीच्या पानावर पोर वाढून आणील?" मी आत जाऊन पदरात तोंड खुपसून हसले आणि मग रडले. ज्या बाईने माझं दुखणं इतकं बरोबर ओळखलं होतं, तिच्यासमोरच ते फोनवर म्हणायची मला चोरी होती. मी सुटणार कशी? तुमच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

ह्या दसऱ्यानंतर तुम्हाला ताप येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. तुम्ही बाकावरच अंथरूण मागितलंत, रेंज आहे तिथे. बुधवारी दुपारी मी तुम्हाला मऊ भात भरवत होते. तुम्ही घास नको म्हणून हात केलात, आणि गळ्यातली दोरी दोन्ही हातांनी काढू लागलात. ती अंबाड्यात अडकली. मी सोडवली. तुम्ही ती माझ्या डोक्यावरून माझ्या गळ्यात घातलीत.

"त्येला सांग. ये म्हणावं. आता पुरे."

मला वाटलं, तापात बोलताय. मी म्हटलं, शुक्रवारी फोन येईल तेव्हा तुम्हीच सांगा ना.

"सा वर्सं सांगायचं होतं, गो. दर येळी तोंडावर यायचं."

"मग का नाही सांगितलंत?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या बघण्यात राग नव्हता.

"तू बसलेली असायचीस ना."

मी भाताची वाटी खाली ठेवली. तुम्ही मधे मधे श्वास घेत सांगितलंत की, तुझ्यासमोर कसं बोलू, तू म्हणाली असतीस, म्हातारी स्वतःच्या जिवासाठी पोराच्या पोटावर पाय आणते. तुझा नवरा, तुझा संसार, तू काही बोलत नव्हतीस, मग मी कोण बोलणार? तू एकदा तरी उठून जाशील म्हणून वाट बघायची. पण तू आपली सूप घेऊन बसलेली.

मी तेव्हा तुम्हाला सांगायला हवं होतं की, आई, मलाही तेच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण तुम्ही डोळे मिटलेत, आणि मला वाटलं, झोपू दे, उठल्यावर सांगू. मी ह्यांना मिस कॉल दिला. ते कामावर होते. तुम्ही संध्याकाळी थोडं पाणी प्यायलात, मग बोलणं राहिलं नाही, आणि पहाटे तुम्ही गेलात. गुरुवारी सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा ते हसत म्हणाले, "काय गं, शुक्रवारची वाट बघवत नाही वाटतं?" आणि मला त्यांना तुमचं सांगावं लागलं.

त्यांना येता आलं नाही. पासपोर्ट कंपनीकडे जमा, सुट्टीचे कागद व्हायला तीन आठवडे. अग्नी चुलतदिरांनी दिला. दहावं, बारावं, तेरावं, सगळं लोकांनी केलं आणि लोक निघून गेले.

ह्या वीस दिवसांत मी एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडते आहे. तुम्ही मला माझ्या नवऱ्याशी एकटीला बोलू दिलं नाहीत, हे मी सहा वर्षं मनात धरलं होतं. माहेरी सांगितलं, बहिणीला सांगितलं. आणि मी? शुक्रवारी चारला मी एकदा तरी तुम्हाला तुमच्या मुलाशी एकटीला बोलू दिलं का? आपली पाळी चुकेल, आपल्याबद्दल काही सांगतील, ह्या भीतीने मी सूप घेऊन तिथे चिकटून बसत होते. तुम्ही दोरी गळ्यात घालून राखण केलीत, मी दोरीशिवाय केली. दोघींच्या मनात एकच वाक्य, आणि दोघी एकमेकींच्या धाकाने आंब्याच्या गप्पा मारत होतो. किती मूर्ख होतो आपण, आई. मला स्वतःचीच चीड येते, आणि मग तुमची, आणि मग तुमची इतकी आठवण येते की हातातलं काम टाकून खाली बसावं लागतं.

गेल्या शुक्रवारी चारला फोन आला. बाकावर मी एकटी. पहिल्यांदा तुमचा निरोप सांगितला, शब्दाला शब्द. मग माझं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, मुलाचंसुद्धा. ते म्हणाले, "आई असं म्हणाली? कधी बोलली नाही मला. तिने एकदा जरी ये म्हटलं असतं ना, तर मिळेल त्या विमानाने आलो असतो." मग म्हणाले, "आता येऊन काय करू? सही गेल्याच महिन्यात केली. आईच नाही, आता कुणासाठी घाई करायची?"

मी म्हटलं, "मी आहे ना इथे."

"हो," ते म्हणाले, "तू आहेस म्हणून तर मला घराची काळजी नाही."

त्यांनी ते फार मायेने म्हटलं, आई. मला ठाऊक आहे, मायेनेच म्हटलं. मी फोन ठेवला आणि बाकावर तशीच बसून राहिले, दिवेलागण होईपर्यंत. माझ्या बोलावण्याने ते कधीच येणार नव्हते. मी पाठ केलेलं वाक्य सहा वर्षांपूर्वी म्हटलं असतं तरी आले नसते. आले असते ते तुमच्या एका शब्दाने, आणि तो शब्द माझ्यामुळे तुमच्या तोंडातच राहिला.

तुम्ही मला उठवायचं होतं, आई. भांडायला तर कधी लाजला नाहीत. एखाद्या शुक्रवारी नुसतं म्हणायचं होतं, जा गो, जरा दळण टाकून ये. मी कुरकुरले असते. पण गेले असते.